पूर्ण नाव, स्वतःच्या तोंडून

सरकारी कागदावर तिचं नाव 'सुरक्षा-साथी' होतं, पण आम्ही सिस्टर लोक तिला नणंदबाई म्हणायचो. तिला सगळं विचारायचं असतं, आपण सांगितलेल्यावर तिचा विश्वास नसतो, आणि वाईट म्हणजे बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघतं. मला सख्खी नणंद आहे, त्यामुळे हे मी अनुभवानं सांगते.

हेरणे हे चंदगडच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं गाव. आमचं रुग्णालय वीस खाटांचं. आठ वर्षांपूर्वी ते परवडत नाही म्हणून बंद करायचं ठरलं होतं. मग घाटमाथ्यावरची अशी चाळीस रुग्णालयं एकत्र करून एक विभाग केला आणि विभागाला एकच संगणकी डोकं दिलं, तीच ही नणंदबाई. डॉक्टर पडद्यावर, औषधं आणि रक्त मुख्य कोठारातून ड्रोननं, आणि खाटेपाशी आमच्यासारख्या सिस्टर. रुग्णालय वाचलं. खोटं कशाला बोलू, रुग्णही पूर्वीपेक्षा जास्त वाचायला लागले.

खर्च आवरायची नणंदबाईची रीत एकच होती. एकदा केलेली तपासणी पुन्हा करायची नाही. माणसाचा रक्तगट जन्मभर बदलत नाही, मग दरवेळी सुई टोचून तो नव्यानं कशाला बघायचा? कुटुंबाचं कार्ड काढताना प्रत्येकाचा गट एकदा तपासला की तो तिच्या डोक्यात कायमचा. गरज पडली की खाटेवरचा माणूस तोच आहे एवढी खात्री करायची, की रक्ताच्या कपाटाचं दार उघडतं. म्हणजे सगळी मदार ओळखीवर आली.

आता ओळख पटवायची कशी? आमच्याकडे बोटांचे ठसे चालत नाहीत. इथे काजूचे कारखाने आहेत, आणि टरफलातल्या तेलानं बायकांच्या बोटांची कातडी सोलून निघते. पाच-सहा वर्षं काजू फोडले की बोटं आरशासारखी गुळगुळीत होतात. आजारी माणसाचा चेहराही फोटोशी अर्धामुर्धाच जुळतो. राहतं नाव. तेही आपण विचारून चालत नाही. "तुम्ही पारूबाई ना?" असं विचारलं की आमच्याकडची बाई "व्हय" म्हणते, मग ती पारूबाई असो नाहीतर हौसाबाई. सिस्टरला नाही कसं म्हणायचं? या एका 'व्हय'नं पूर्वी चुकीची इंजेक्शनं गेलेली आहेत, त्यातलं एक माझ्या हातून. म्हणून नियम झाला, रुग्णानं पूर्ण नाव स्वतःच्या तोंडून सांगायचं.

महिन्याभरापूर्वी त्यात एक भर पडली. प्रत्येक खाटेच्या उशाशी एक छोटा कान बसवला गेला. बटण दाबलं की तो आधी पूर्ण नाव ऐकतो, आणि नाव जुळलं की मग आवाजही ओळखतो. कार्ड काढताना प्रत्येकाचा आवाज साठवलेला असतो, आणि गळा, टाळू, नाक यांच्या घडणीमुळे प्रत्येकाच्या आवाजाची ठेवण वेगळी पडते. माणूस दुखण्यानं कण्हत असला तरी ती ठेवण फारशी बदलत नाही. आम्हाला वाटलं, आता काही चुकायला जागाच उरली नाही.

तिची आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडायची. चूक होता होता राहिली, तर ती लिहून कळवायची, आणि त्याबद्दल सिस्टरला शिक्षा नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांमुळे आपला गोंधळ होणार होता, असं एका सिस्टरनं दुपारी कळवलं, तर संध्याकाळी चाळीसही रुग्णालयांत त्या बाटल्या वेगवेगळ्या कप्प्यांत गेल्या. नव्या मुलींना मी हेच सांगायची, की चूक लपवली तर ती पुढच्या खाटेवर जाऊन बसते.

त्या मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास दोघी बायका रिक्षातून उतरल्या. थोरली साठीच्या आतबाहेरची, पांढरीफटक. धाकटीच्या पदरावर रक्ताचे डाग. गुडघेदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी खाऊन थोरलीच्या पोटात व्रण झाला होता आणि सकाळपासून तीनदा रक्ताची उलटी झाली होती. धाकटीनं कार्ड पुढे केलं. मालन धाकलू गावडे. फोटोशी चेहरा बऱ्यापैकी जुळला. धाकटीनं स्वतःचं नाव शालन सांगितलं, पेशंटची बहीण.

नाव वाचून मला बरंच वाटलं. धाकलूमामा म्हणजे आमचा सोमवार-गुरुवारचा माणूस. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून दोनदा चार-चार तास डायलिसिसवर. त्यांना पुतण्या आणून सोडायचा. बायको कारखान्यात जाते म्हणून मी तिला कधी पाहिलं नव्हतं. चला, आज ओळख झाली, असं मी म्हटलंसुद्धा. दोघींपैकी कुणीच हसलं नाही, पण पोटातून रक्त जात असताना कोण हसेल?

पडद्यावर डॉ. तरन्नुम बागवान आल्या. रक्तदाब ऐंशीवर, नाडी एकशे तीस. त्यांनी औषधं सांगितली आणि म्हणाल्या, रक्त आधी लावा, दुर्बीण मग घालू. कार्डावर गट 'ए' होता. कपाटात 'ए'च्या तीन पिशव्या होत्या. मी खाटेच्या उशाशी बटण दाबलं आणि थोरलीला पूर्ण नाव विचारलं.

"मालन," ती म्हणाली, आणि थांबली.

कानावरचा दिवा लाल झाला. नाव अपुरं. मी पुन्हा विचारलं. "मालन... गावडे." पुन्हा लाल. नवऱ्याचं नाव मधे हवं होतं, आणि तेच तिच्या ओठांतून फुटत नव्हतं. मला हसू आलं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला नवीन नव्हतं. अशा वेळी माझा एक हुकमी इलाज असतो. मी म्हटलं, आक्का, उखाण्यात घ्या, सुरुवात मी करून देते, "काजूच्या झाडाला पिवळं बोंड, नाव घ्यायला उघडा तोंड."

तिनं मान भिंतीकडे वळवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

रक्तदाब सत्तरवर आला. डॉ. बागवान विचारत होत्या, उशीर कशाचा, अनोळखी रुग्णांसाठी ठेवलेल्या 'ओ'च्या दोन पिशव्यांपैकी एक वापरायची का? ते रक्त कुणालाही चालतं, म्हणून अपघातात सापडलेल्या, बेशुद्ध, बिनकार्डाच्या माणसासाठी आम्ही ते जपून ठेवतो. मी नको म्हटलं. पेशंट माझ्या ओळखीची आहे, नुसती लाजते आहे, असंही सांगितलं. माझ्या शहाणपणाची मला आजही लाज वाटते. मी तिसऱ्यांदा बटण दाबलं. थोरलीचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिला पुन्हा उलटी झाली, आणि चादर लाल झाली.

तेवढ्यात खणखणीत आवाज आला, "मालन धाकलू गावडे."

दिवा हिरवा झाला. ओळख पटली, असं नणंदबाई म्हणाली, आणि कपाटाचं दार उघडलं.

मी धावत जाऊन पिशवी आणली. पिशवीवरचा आकडा आणि कार्डावरचा आकडा जुळवला. पिशवीला नळी टोचली, ती रक्तानं भरली, सलाईनच्या सुईला जोडली. आता फक्त चिमटा सोडायचा होता. माझा अंगठा चिमट्याच्या चाकावर होता. पेशंटकडे पाहिलं, तर तिचे ओठ उलटीनं माखलेले, जबडा शिथिल पडलेला. या बाईच्या तोंडून आत्ता एवढा खणखणीत आवाज कसा निघेल?

आवाज खाटेवरून आलाच नव्हता. तो उशाशी स्टुलावर बसलेल्या धाकटीचा होता.

पहिल्यांदा मला वाटलं, यंत्र फसलं. पण नणंदबाई आवाज ओळखण्यात फसत नाही. तिनं मालन गावडेचा आवाज म्हणून हिरवा दिवा दिला होता, आणि तो मालन गावडेचाच आवाज होता. मालन गावडे स्टुलावर बसली होती.

मी चाक घट्ट बंद केलं आणि नळी सुईपासून तोडली. खाटेवरच्या बाईच्या तोंडाशी कान नेला आणि बटण न दाबता विचारलं, "आक्का, तुमचं नाव काय?"

"मालनच की वो, सिस्टर," धाकटी मधे पडली. "लावा की रगत."

थोरलीनं डोळे उघडले. "शालन," ती म्हणाली. "शालन यल्लाप्पा कोलेकर." नवऱ्याचं नाव तिनं एका दमात घेतलं. लाजणं नाही, अडखळणं नाही.

"मग मघाशी का बोलला नाहीत?"

"खोटं कार्ड दावलं, खोटं गाव सांगितलं," ती तुटक तुटक म्हणाली. "पर भनीच्या दादल्याचं नाव माझा म्हणून कसं घिऊ?"

मी डॉ. बागवानना एवढंच सांगितलं, की ओळखीची खात्री राहिलेली नाही, 'ओ' द्या. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि परवानगी दिली. 'अनोळखी रुग्ण' हे बटण मी दाबलं, 'ओ'ची पिशवी लावली आणि शालनच्या हातातून थोडं रक्त काढून त्याच बिननावी नोंदीवर ड्रोननं कोठाराकडे तपासायला पाठवलं. तासाभरात उत्तर आलं. गट 'बी'. 'बी' गटाच्या माणसाच्या रक्तात 'ए'च्या विरुद्ध लढणारी द्रव्यं जन्मापासून तयार असतात. मघाची पिशवी सुरू झाली असती तर त्या द्रव्यांनी आत येणारी प्रत्येक तांबडी पेशी फोडली असती, त्या चोथ्यानं मूत्रपिंडं तुंबली असती, आणि आधीच एवढं रक्त गेलेली बाई संध्याकाळ बघू शकली नसती. चाकाचा एक वेढा फिरवायचा राहिला होता.

तीन वाजेपर्यंत शालनचा रक्तदाब शंभरवर आला. कोठारातून 'बी'च्या पिशव्या आल्या, डॉ. बागवाननी पडद्यावरून चालवलेल्या दुर्बिणीनं व्रण बंद झाला, आणि मी बाहेरच्या बाकावर मालनशेजारी जाऊन बसले. तिनं सगळं सांगितलं. शालन हद्दीपलीकडच्या गावात दिलेली. तिथलं रुग्णालय तास-दीड तासावर, आमचं सहा किलोमीटरवर. विभागाबाहेरच्या माणसाला आमच्या कार्डाशिवाय भरती नाही, खर्च आवरायचा म्हणजे कुंपण घालावंच लागतं. तर बिनकार्डाची बाई दारात परत पाठवतील या भीतीनं बहिणीनं आपलं कार्ड पुढे केलं. बेशुद्ध होऊन पडली असती तर आम्ही तिला तसंच घेतलं असतं, हे दोघींना माहीत नव्हतं.

मग मी तिला पुढचं सांगितलं. पडद्यावर एक प्रश्न येऊन थांबला होता. ओळख पटलेली असताना 'ए'ची पिशवी परत का केली? उत्तर द्यायला अठ्ठेचाळीस तास. मी खरं लिहिलं तर शेजारून बोलणाऱ्याचा आवाज नवा कान घेतो, हे विभागाला कळेल आणि ते भोक बुजवतील. पण त्याच उत्तरातून हेही कळेल, की मालनचं कार्ड दुसऱ्या कुणी वापरलं. मग सगळ्या कुटुंबाचं कार्ड चौकशी होईपर्यंत बंद. चौकशीला तीन आठवडे लागतात. धाकलूमामांची मूत्रपिंडं तीन आठवडे थांबणार नव्हती.

मालन आपल्या गुळगुळीत बोटांकडे बघत राहिली. मग तिनं माझा हात धरला.

"माझ्या तोंडानं आक्का मेली असती," ती म्हणाली. "लिवा तुम्ही. पर गुरवारचं तेवढं त्येंचं हू दे. सोमवारपातूर मी गडहिंग्लजला दुसरीकडं सोय बघतो."

दोन दिवस. तेही मुदतीच्या आतले. मी काही लपवत नव्हते, फक्त थांबत होते. नव्या मुलींना मी जे सांगायची ते मला आठवत नव्हतं असं नाही. हद्दीला लागून आमच्यासारखी अकरा रुग्णालयं आहेत आणि बहिणींची, जावांची कार्डं घेऊन येणाऱ्या बायका काही एकट्या हेरण्यातच नाहीत, हेही मला ठाऊक होतं. पण धाकलूमामांचा चेहरा मला माहीत होता, आणि त्या बायकांपैकी एकीचाही नव्हता. मी बरं म्हटलं.

बुधवारी शालनला गाडीनं तिच्या बाजूच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. जाताना ती उठून बसली होती. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. मी दिवसभर पडद्यासमोरून जायचं टाळलं. दोनदा उघडलाच, तर दोन्ही वेळा उत्तराच्या चौकटीत काहीतरी साधं लिहून बघितलं. रुग्णाला थंडी वाजली. पिशवी गळत होती. यातलं कुठलंही नणंदबाईनं निमूट घेतलं असतं. लिहायचं आणि पुसायचं. रात्री घरी नवऱ्यानं विचारलं, काय झालंय, तर मी त्याच्यावरच खेकसले.

गुरुवारी साडेनऊला धाकलूमामा आले. त्यांना डायलिसिसवर घेईपर्यंत दहा झाले. दोन वाजता संपणार होतं, आणि माझी मुदत बाराला. मी ठरवलं, पावणेबाराला लिहायचं. चालू असलेलं डायलिसिस नणंदबाई मधेच तोडत नाही. माणूस एकदा जोडला की तो सुरक्षित. हिशेब अगदी चोख बसला होता.

मामा खुशीत होते. बायकोनं काजूची पुडी दिली होती, ती त्यांनी आधी माझ्या हातात ठेवली. मेव्हणीला तुम्ही वाचवलंत म्हणाले. बायकोनं त्यांना कार्डाचं काही सांगितलेलं दिसत नव्हतं. तिचा गळा गोड आहे, पूर्वी भजनात म्हणायची, आता भेटलात की म्हणायला लावा, असं ते सांगत राहिले. मी हो हो म्हणत नळ्या तपासत होते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पडदा वाजला. चाळीसही रुग्णालयांना एकच निरोप होता. मी उभ्यानंच वाचला.

विभागातल्या एका रुग्णालयात आज सकाळी बाळंतपणानंतर रक्तस्राव होणाऱ्या सव्वीस वर्षांच्या रुग्णाला विसंगत गटाचं रक्त दिलं गेलं. रुग्ण दगावली. रुग्ण जावेच्या कार्डावर दाखल होती. ओळखीच्या वेळी जाऊ खाटेशेजारी होती. खाली प्रश्न होता. असा किंवा यासारखा प्रसंग आपल्याकडे घडला आहे का?

मी खुर्चीत बसले.  त्या दुसऱ्या सिस्टरला हिरवा दिवा दिसला असणार आणि तिनं चाक फिरवलं असणार. का फिरवू नये? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगू शकणारं माणूस विभागात एकच होतं, आणि ते पावणेबारा वाजायची वाट बघत होतं.

"काय झालं वो?" मामांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी 'हो' दाबलं. चौकटी उघडल्या. काय घडलं, ते मी लिहिलं. दोन बहिणी, एक कार्ड, स्टुलावरून आलेला आवाज, सगळं. मालन धाकलू गावडे हे नाव लिहिताना मामांकडे पाठ केली. प्रसंगाची तारीख विचारली. मंगळवारची घातली. तेव्हा एक चौकट आणखी उघडली, कळवायला उशीर का झाला? मी लिहिलं, मी थांबले. तिनं ते घेतलं नाही. यादीतून निवडा म्हणाली. कामाचा ताण. वीज नव्हती. संपर्क तुटला. प्रसंग ध्यानात आला नाही. इतर.

मी 'इतर' निवडलं आणि पाठवून दिलं. अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

धाकलूमामांना थंडी वाजत होती, त्यांना पांघरूण घातलं. त्यांच्या कार्डापुढे तांबडी रेघ आली, चौकशी सुरू. मशीन चालू राहिलं. सोमवारी गडहिंग्लजला त्यांना कुणी घेईल की नाही, ते मला माहीत नव्हतं. मग पडद्यावर दुसरा निरोप आला. दोष सापडला, चाळीसही रुग्णालयांतले कान दुरुस्त करण्यात आले आहेत, खाटेबाहेरचा आवाज यापुढे स्वीकारला जाणार नाही. माहिती वेळेत दिल्याबद्दल आभार, असंही खाली होतं, ते सगळ्यांनाच जातं.

मी घड्याळ बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं. दुरुस्तीला एकूण बेचाळीस मिनिटं लागली होती.